घरटी एक

कवडीच्या दातांत लाल दोऱ्याचं तूस अडकलं होतं. निता ते नखाने काढायला बघत होती आणि ते निघत नव्हतं — सुईच्या टोकाने सहज निघालं असतं, पण सुई घ्यायला उठावं लागलं असतं, आणि सकाळी सात वाजताच तिला उठायचा कंटाळा आला होता. झोप झाली नव्हती असं नाही. झोप झाली होती, थकवा तेवढा शिल्लक राहिला होता. मांडीवर निळी पिशवी, पिशवीवर अकरा कवड्या, शेजारी पालथा ठेवलेला मोबाइल. चहा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही असं तिने ठरवलं, आणि ठरवता ठरवताच तो सरळ केला.

एकेचाळीस.

साडेसहापासून एकेचाळीस माणसं तिच्या वेबसाइटवर येऊन गेली होती. काल याच वेळेला अडतीस होती, परवा छत्तीस. आठ दिवसांपूर्वी दिवसाकाठी दोन यायची, त्यातली एक ती स्वतः.

‘सहा सुया’ हे नाव तिनेच ठेवलेलं. बंजाऱ्यांच्या तांड्यातल्या तिच्यासकट सहा बायका, आरशांच्या आणि कवड्यांच्या पिशव्या, उशांचे अभ्रे. दोन वर्षांत विकलं गेलं ते सगळं ओळखीत — कोणाच्या भाचीचं लग्न, कोणाच्या साहेबाला भेट द्यायची, म्हणून. अनोळखी माणसाने आपणहून मागितलेली एकही वस्तू नाही. हेमसिंग, तिचा नवरा, पुण्याला कंपनीत होता. तो म्हणाला होता, दिवाळीपर्यंत पाहा. ओळखीच्या बाहेरचं एक जरी माणूस घेऊन गेलं तर चालू ठेव, नाही तर बंद कर अन् इकडं ये. रागावून म्हणाला असता तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं. तो थकून म्हणाला होता. दिवाळीला आता नऊ दिवस होते.

म्हणून तर वाशीमच्या उदयसिंगकडून जाहिरात लावून घेतली होती. मोबाइलवर कोणी शोधलं की सगळ्यात वर आपलं नाव... आणि खरंच आकडा चढायला लागला होता. तिने मनाशी सगळं जुळवूनही टाकलं होतं — शहरातल्या बायका लवकर उठत असतील, डबे भरायच्या आधी चहाचा कप घेऊन बसत असतील, बोटाने कवड्यांवरून फिरत असतील. आणि दुपारी दीडला कोणीतरी एकटंच यायचं, ते अकरा-अकरा मिनिटं थांबायचं! त्या बाईला तर तिने मनातल्या मनात बाल्कनीसुद्धा दिली होती. बाल्कनीत एक वेताची खुर्ची, चष्मा डोक्यावर सरकवलेला... काय म्हणावं या मनाला, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. त्या आकड्याच्या भरवशावरच परवा ती बाकीच्या पाच जणींना बोलून बसली होती, की दिवाळीनंतरही काम आहे, मजुरीला जाऊ नका. आता ते वाक्य पोटात घेऊन ती हिंडत होती.

कारण एवढी माणसं येतात आणि कोणी काही विचारत कसं नाही? दुकानात शिरलेला माणूस घेत नाही तर नाही, निदान भाव तरी विचारतो.

तिने तूस तसंच राहू दिलं आणि जीप गाठून शेलूबाजार, तिथून वाशीमची बस धरली. खिडकीबाहेर सोयाबीन सोंगून झालेली रिकामी वावरं आणि मधूनच उभी तूर. दोन वर्षांपूर्वी याच रस्त्याने ती पहिल्यांदा कापड आणायला गेली होती, तेव्हा सासरे — देवला नाईक, तांड्याचे नाईक — ओट्यावरून म्हणाले होते, कवडी आंगावर घालाची असते, बजारात मांडाची नसते. त्यानंतर या धंद्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. विरोध नाही, चौकशी नाही, काही नाही... त्या गप्प बसण्याची तिला इतकी सवय झाली होती की परवा ते ओट्यावर मोबाइल घेऊन काहीतरी मोजताना दिसले तेव्हाही तिने विचारलं नाही.

उदयसिंगच्या दुकानात मोबाइलची कव्हरं टांगलेली होती, आणि त्यांच्या आड तो आणि त्याचा कॉम्प्युटर. त्याने साइटचे आकडे उघडून पाहिले.

“ताई, हे आपलेच लोकं हायेत,” तो म्हणाला.

“आपले म्हंजे?”

“शेलूबाजारचा टॉवर. आजचे छप्पन्नच्या छप्पन्न. मोबाइलात तुमचं नाव बोलते, आन् जे पहिलं दिसलं त्याले बोट लावते. पहिली त तुमची जाहिरातच असते ना. रोजच्या पैशात ठरलेले लोकं बसते. तेवढ्यायनं बोट लावलं का त्या दिवसाची जाहिरात खतम. सकाळी आठलेच संपून राह्यली. बाहेरचा माणूस दुपारी पाह्यते, तवा तुमी वरतं नसताच.”

तिला हसू आलं, आणि ते आल्याचा रागही आला. नळाला पाणी सुटावं आणि पहिल्या घरांनीच टाकी उपसावी तसं झालं होतं. आठ दिवस. पुण्या-मुंबईचं एकही माणूस दारापर्यंत पोचलं नव्हतं, आणि ती इकडे त्यांच्या चहाचे कप मोजत होती.

“एक मात्र बाहेरचा हाय,” उदयसिंग म्हणाला. “पुण्याचा. रोज दीडच्या सुमाराले. अकरा मिनिटं, कधी बारा. थो जाहिरातीवरून नाही येत, सरळ नाव टाकून येते.”

म्हणजे बाल्कनी होती. तिने लगेच त्या बाईचा पदर धरला, अक्षरशः धरल्यासारखी ती परतीच्या बसमध्ये बसून राहिली — सत्तावन्नांमधले छप्पन्न गेले, जाऊ देत, एक तर आहे, नाव लक्षात ठेवून येणारी, आज ना उद्या घेईल, नऊ दिवस आहेत... आणि सासऱ्यांना काय सांगायचं हे मात्र सुचत नव्हतं. तांड्यातली घरं त्यांच्याशिवाय आणखी कोणाच्या शब्दाने हलतात?

ते ओट्यावरच होते. तिने चप्पल काढायच्या आधीच विचारलं.

“बाबा, तांड्यातले लोकं माह्या साइटवर येऊन राह्यले का?”

“येतीन नाही त काय,” देवला नाईक म्हणाले. “सांगतलं मी. घरटी एक. कामाले जायाच्या आंधी येऊन जायाचं, चुकवाचं नाही. आज छप्पन्न झाले. सोमलाच्या घरचं कोनी नोतं, त्याले बोललो, मंग आला.”

“काहून सांगतलं?”

“तूच त फोनवर म्हने, लोकं येतच नाहीत म्हनून.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, समोरच्या निंबाकडे पाहिलं. “मी नाईक असताना माह्याच सुनंच्या दारात लोकं येत नाहीत?”

दोन वर्षांचं गप्प बसणं असं एका वाक्यात उघडलं, आणि नेमकं आजच. मयत असो, लग्न असो, घरटी एक माणूस गेलंच पाहिजे, हा त्यांचा आयुष्यभराचा कायदा. तो त्यांनी तिच्यासाठी वापरला होता. न सांगताही चाललं असतं. उदयसिंग जाहिरात बदलून देतो म्हणाला असता, आणि बाबा सकाळी हजेरी घेत बसले असते, खुशीत. पण पाच जणींना दिलेला शब्द होता. तिने सांगितलं. बोट लावणं, दिवसाचं संपणं, आठ वाजणं, सगळं सांगितलं. सांगताना आपला आवाज शाळेतल्या बाईसारखा होतोय हे तिला कळत होतं आणि तो बदलता येत नव्हता.



“म्हंजे पंगतीत घरचेच आंधी बसले,” ते म्हणाले, “अन् पाव्हने उपाशी गेले.”

“तसं नाही बाबा...”

“तसंच हाय.” त्यांनी काठी घेतली, दुपट्टा खांद्यावर टाकला. “सांगून येतो.”

“सकाळी सांगा ना.”

“सकाळी त ते येऊन गेले राह्यतीन.”

ती ओट्यावर उभी राहिली. पहिलं घर, दुसरं घर. प्रत्येक दाराशी काठी टेकायची, आत हाक जायची, कोणी बाहेर यायचं, मान हलायची. आयुष्यभर या दारांना ‘या’ म्हणत फिरलेला माणूस आज ‘येऊ नका’ सांगत फिरत होता, आणि ते तिच्यामुळे. तिला वाटलं होतं की सुटल्यासारखं होईल. झालं ते उलटंच — मांडव उतरवल्यावर अंगण दिसतं तसं काहीतरी आत दिसायला लागलं, आणि उद्या सकाळी मोबाइलवर शून्य असेल या विचाराने तिला खरोखरच एकटं वाटलं.

दिवेलागणीला हेमसिंगचा फोन आला. पोरांचं विचारलं, बाबांच्या गुडघ्याचं विचारलं. तिने वाशीमचं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मंग, बंद कर.

“अन् थ्या निळ्या पिशवीचा फोटो तिरपा टाकला तू,” तो म्हणाला. “सगळ्या कवड्या एकीकडं लवंडल्यावानी दिसते.”

फोटो तिने काल रात्रीच टाकला होता, आणि तोही फक्त साइटवर.

ती भिंतीला टेकली. तिकडून कंपनीच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता, कोणीतरी बादली सरकवत होतं.

“तुमची शिफ्ट बदलली ना,” तिने विचारलं. “आता जेवाची सुट्टी किती वाजता असते?”

“दीडले. काहून?”

“काही नाही.”

“अर्धा तास भेटते. जेवाले त पंधरा मिनिटं लागते.” मग तोही थांबला, आणि घाईने म्हणाला, “बरं, ठेवतो.”

तर बाल्कनी गेली. वेताची खुर्ची, चष्मा, सगळं गेलं. बाहेरचं म्हणून जे एक माणूस होतं तेही घरचंच निघालं, सत्तावन्नावं घर. तिला राग आला — बंद कर म्हणतोस आणि रोज डबा खाऊन येऊन बसतोस, आणि आठ दिवस मी तुलाच गिऱ्हाईक समजून... मग दोन वर्षांत एकदा म्हणायला काय झालं होतं, की पाहतो म्हणून? बापाचाच लेक. राग येत होता आणि टिकत नव्हता. रडूही येत नव्हतं. अंगातला थकवा सकाळचाच होता, पण आता तो एकटीचा वाटत नव्हता, आणि हे बरं की वाईट हे तिला ठरवता येईना.

बाहेर तांड्याच्या पार टोकाला, सोमलाच्या दाराशी, काठी वाजली.

ती उठली. सुई शोधली, निळी पिशवी मांडीवर घेतली आणि कवडीच्या दातांतलं ते तूस हळूच ओढून काढलं. दिवाळीला नऊ दिवस, त्यातला आजचा गेलाच. पाच जणींना काय सांगायचं, पुण्याला जायचं की नाही, काहीच ठरलं नव्हतं. फोटो मात्र उद्या नव्याने काढायला हवा होता, सरळ, आणि दीड वाजायच्या आत.