डाव्या दाराची काच

"काच खाली येत असेल तर येते," निशिगंधाबाई हसून म्हणाल्या होत्या, आणि दत्तारामांना त्या हसण्याचीच धास्ती वाटली होती.

मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाई घराबाहेर पडायला कारणं शोधण्याऐवजी न पडण्याची कारणं शोधायला लागल्या होत्या. रिक्षाचे धक्के डॉक्टरांनीच बंद केलेले. भाड्याच्या एसी गाडीत मळमळायचं. राहिली घरची जुनी गाडी, तर तिच्या डाव्या दाराची काच दिवाळीपासून अडलेली. मागे बसावं तर पाय लांब करता येत नाहीत. आज खारी गावात दत्तारामांच्या बहिणीच्या, मंदाच्या, नातीचं बारसं होतं. आज ही आली नाही तर पुढे कशालाच यायची नाही, असं दत्तारामांच्या मनाने घेतलं होतं.

गॅरेजवाला गावाला गेलेला. म्हणून सकाळीच ते पूनम सागर सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेचकस घेऊन उतरले. सगळं आयुष्य वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेलेलं. पेच कुठल्या बाजूला फिरवायचा हे अजूनही मनात म्हणून बघावं लागायचं. मोबाइलवरचा व्हिडिओ मात्र त्यांनी रात्री पुन्हा पुन्हा पाहिला होता.

निशिगंधाबाई लिफ्टने खाली आल्या आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. इस्त्रीची साडी नेसलेली. दत्तारामांनी ती पाहिली आणि पेचकस दाराला लावला.

"भाई, रिपेअर करताय की पोस्टमार्टेम?" शेजारच्या हंसाबेन भाजीची पिशवी घेऊन थांबल्या.

"बघतोय जरा," दत्ताराम पुटपुटले.

"तो आज जवानु छे, भाभी?"

"आज जायचं की नाही, ह्यांच्या हातात आहे सगळं," निशिगंधाबाई म्हणाल्या.

काचेचं हँडल एका बारीक क्लिपने अडकवलेलं असतं. हँडलच्या मागे फडक्याची पट्टी घालून सर्रसर्र ओढली की क्लिप निसटते, असं व्हिडिओत होतं. दत्तारामांनी जुन्या धोतराची पट्टी घातली आणि ओढली. टण्‌ आवाज झाला. हँडल हातात आलं, क्लिप कुठे उडाली कळेना. ते गुडघ्यांवर बसून गाडीखाली चाचपू लागले. आता हँडलसुद्धा बसायचं नाही. होतं ते बरं होतं.

"अहो, माझ्या निऱ्यांत बघा."

क्लिप तिथेच अडकली होती.

"तू वर जाऊन बस हवं तर," ते म्हणाले. "माझ्याच्याने होईल असं वाटत नाही."

"कव्हर तर काढा. न होण्यासारखं काय आहे ते तरी कळू दे."

दाराचं आतलं कव्हर निघालं, मागचा प्लास्टिकचा कागद सुटला. आत मोबाइलचा उजेड पाडला तर काच ओढणाऱ्या तारेच्या चाकावर पिवळट काहीतरी घट्ट गुंडाळलेलं. दत्तारामांनी चिमट्याने टोक ओढलं. नायलॉनचा दोरा होता, आणि त्याला झेंडूची सुकी, काळपट देठं.

दसऱ्याला गाडीची पूजा झाल्यावर त्यांनी हार डाव्या आरशाला बांधला होता. पूजेचा हार हाताने तोडायचा नाही, आपोआप गळू द्यायचा, ही त्यांच्या आईची शिकवण. हार गळला, पण दोरा उघड्या काचेबरोबर दारात उतरला होता.

"म्हणजे मीच," दत्ताराम म्हणाले.

"मग तुम्हीच काढा," निशिगंधाबाईंनी पर्समधला नेलकटर पुढे केला.

दोरा तुकड्यातुकड्याने निघाला. त्यांनी हँडल नुसतंच दांड्यावर टेकवून फिरवलं. काच कुरकुरत खाली सरकली आणि थोडी वर असतानाच थांबली. वर नेताना तर तळव्याने रेटावी लागत होती.

"पूर्ण नाही जमलं," ते म्हणाले. "वर घेताना त्रास देते."

निशिगंधाबाई खुर्चीचा हात धरून सावकाश उठल्या. "वर कशाला घ्यायची? मला वारा हवाय."

कव्हर लावून, क्लिप बसवून होईपर्यंत दत्तारामांच्या शर्टावर ग्रीसचे डाग पडले होते. शर्ट बदलायला ते लिफ्टकडे वळले.

"राहू द्या तो. मंदा विचारेल तेव्हा सांगता येईल," बाई म्हणाल्या आणि डावं दार उघडून आधी बसल्या, मग एकेक पाय आत घेतला. काच त्यांनी स्वतःच खाली केली, जिथे थांबायची तिथपर्यंत, आणि कोपर बाहेर टेकवलं.

दत्तारामांनी दोऱ्याचे तुकडे गोळा केले. कचऱ्यात टाकवेनात, म्हणून खिशात घातले आणि गाडी सुरू केली.