लाल पट्टीच्या नऊ कॅसेट

मित्रांनो, तुमच्या घरातल्या फोनवर बोट टेकवले की कॅमेरा उघडतो ना? मी त्याचा जुना नातेवाईक. मी एक हँडीकॅम आहे. माझ्या पोटात काडेपेटीएवढी कॅसेट बसते, उजव्या बाजूला हात अडकवायचा पट्टा आहे आणि भिंगाला स्वतःचे काळे टोपण आहे. माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला, पण ते बालपण सांगण्यासारखे नाही, सगळे खोक्यात गेले. खरे आयुष्य सुरू झाले ते बंगळुरूला, जे. पी. नगरमधल्या एका मराठी घरात, वीस वर्षांपूर्वी.

त्या घरचे उमाकांतराव सरकारी कारखान्यात तपासनीस होते. यंत्राचा एकेक सुटा भाग हातात घ्यायचा, मोजायचा आणि चांगला की सदोष ते ठरवायचे, हे त्यांचे काम. त्यांच्या पत्नी स्मिताताई. आणि त्यांची एकुलती एक मुलगी शलाका, तेव्हा साडेतीन वर्षांची. मला आणले ते तिच्यासाठीच. मिरजेला राहणाऱ्या आजी-आजोबांना नात वर्षातून एकदाच दिसायची. तिचे बोलणे-खेळणे टिपून त्यांना पाठवायचे, हे माझे काम ठरले. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

पण शलाका माझ्याकडे बघायची नाही.

सगळी मुले माझ्याकडे बघायची. शेजारची मुले तर माझ्यासमोर येऊन नाचायची, जिभा काढायची. शलाका मात्र जमिनीवर बसून स्टीलच्या डब्याचे झाकण गरगरा फिरवायची आणि माझ्या डोक्यावरून वर कुठेतरी बघत राहायची. उमाकांतराव म्हणायचे, "शलाका, इकडे बघ." स्मिताताई म्हणायच्या, "इकडे बघ ना राणी." मग त्या तिची हनुवटी धरून मान माझ्याकडे वळवायच्या. मान वळायची, डोळे वळायचे नाहीत. खरे सांगतो, मी रुसलो होतो. एवढे महागाचे भिंग माझे, आणि हिला झाकण आवडते.

अखेर उमाकांतरावांनी युक्ती काढली. ते झाकण त्यांनी माझ्या भिंगाच्या अगदी वर धरले. शलाकाने लगेच मान उचलली. तिच्या डोळ्यांत असे काही हसू होते की मी रुसवा विसरलो. तिने माझ्याकडे बघितले, असे समजून मी कितीतरी दिवस हुरळून होतो. ती झाकणाकडे बघत होती, हे मला फार उशिरा उमगले.

उमाकांतराव घरातही तपासनीसच होते. झाकणाच्या युक्तीने मिळालेले हसरे तुकडे त्यांनी निवडले, जोडले आणि त्यांची एक सुबक सीडी करून मिरजेला पाठवली. उरलेल्या नऊ कॅसेट त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या आणि प्रत्येकीवर लाल चिकटपट्टी लावली. कारखान्यात सदोष मालाला लावतात तशीच. पुढे फोनमध्ये कॅमेरे आले आणि त्या डब्यासकट माझी रवानगी माळ्यावर झाली.

माळ्यावर दिवस मोजता येत नाहीत. खालून आवाज येत. शलाका मोठी होत असल्याचे मला आवाजावरूनच कळायचे. कुकरची शिट्टी झाली की तिच्या खोलीचे दार आपटायचे. पाहुणे आले की स्मिताताई दबक्या आवाजात म्हणायच्या, जरा बाहेर येऊन बस, लोक उद्धट म्हणतील. मला वाटायचे, कुणीतरी मला खाली काढावे. एकदा, फक्त एकदा, तिने माझ्याकडे बघावे.

वीस वर्षांनी माळ्याचे दार उघडले, ते एका भांडणामुळे.

शलाका आता चोवीस वर्षांची होती. व्हाइटफील्डमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचे काम करायची. कामात तिची एक चूक कुणाला सापडत नसे. पण एका दालनात शंभर माणसे, शंभर आवाज आणि डोक्यावर पांढरेफेक दिवे. कॅबमधून घरी आली की ती दोन-दोन तास पडदे ओढून पडून राहायची. वरिष्ठांनी लेखी कळवले होते की तुम्ही माणसांत मिसळत नाही, बोलताना नजर देत नाही. तिने वाचून, विचारून माहिती काढली आणि ऑटिझमची तपासणी करणाऱ्या एका डॉक्टर बाईंची वेळ घेतली. तीन महिने थांबल्यावर ती मिळाली. मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. आमची शलाका स्वतःत कमी आणि झाकणात जास्त मग्न असायची, पण तो शब्द काही मला विचारून केलेला नाही.

स्मिताताईंना हे मुळीच पसंत नव्हते. शिक्षण झाले, नोकरी लागली, आता या वयात कसली तपासणी, उद्या स्थळांना काय सांगायचे, असे त्यांचे म्हणणे. शलाका तेव्हा एवढेच म्हणाली, "आई, मी इतकी वर्षं स्वतःला आळशी आणि उद्धट समजत आलेय. ते खरं आहे की नाही, एवढंच मला कुणीतरी नीट तपासून सांगू दे."

उमाकांतरावांनी जन्मभर तपासणीच केली होती. त्यांनी कन्नडमधल्या 'बरं'ने होकार दिला, "सरी, जाऊ या."

पण मोठ्या माणसाची ही तपासणी करताना त्याचे लहानपणही बघावे लागते. मी नंतर घरातल्या बोलण्यातून ऐकले, डॉक्टर बाईंनी आईला एकेक प्रश्न विचारला. स्मिताताईंनी मुलगी दाखवायला आल्यासारखी उत्तरे दिली. सगळे वेळेवर, सगळे छान, हाक मारली की धावत यायची. मग उमाकांतरावांनी अभिमानाने त्या सीडीची घरी ठेवलेली प्रत पुढे केली. हातच्या कांकणाला आरसा कशाला! सीडीत शलाका दर वेळी मान उचलून गोड हसत होती. डॉक्टर बाई शांतपणे म्हणाल्या की आजचे बोलणे एक सांगते आणि हे लहानपण दुसरेच सांगते. "अंदाजाने मी निदान लिहिणार नाही. आणखी काही असेल तर आणा."

घरी आल्यावर भांडण झाले. शलाका आवाज चढवत नाही, ती फक्त एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणते. "आई, मी हाकेला धावत यायचे?" असे तिने पाच वेळा विचारले. स्मिताताई रडून आत गेल्या. उमाकांतरावांनी शिडी आणली.

पत्र्याचा डबा उघडल्यावर शलाकाने एक कॅसेट हातात घेतली. "बाबा, ही लाल पट्टी कशाची?"

त्यांनी सांगितले. खोटे बोलणे त्यांना जमत नाही.

"म्हणजे मी रिजेक्ट होते?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला फक्त माहिती हवी होती, आणि ते ऐकणे जास्त अवघड होते. उमाकांतराव शिडीच्या खालच्या पायरीवर बसले.

"तू नाही गं. मला वाटायचं, मलाच शूटिंग जमत नाही. आणि लाल पट्टीचा माल आम्ही फेकत नसतो, शलाका. दोषाचं कारण सापडेपर्यंत जपून ठेवतो."

शलाकाने डबा उचलला. "मग कारण शोधू या," ती म्हणाली.

आता सगळ्यांचा जीव माझ्यापायी टांगणीला लागला, आणि मी तर मेलेला. माझी बॅटरी फुगली होती, आतली चाके अडकली होती. एस. पी. रोडवरच्या दुरुस्तीवाल्याने मला उलटेपालटे करून पाहिले आणि "स्वल्प टाइम आगुत्ते, सर," म्हणून वेळ लागेल असे सांगितले. आठ दिवस लागले. चाके पहिल्यांदा फिरली तेव्हा मला अक्षरशः कळ आली. या कॅसेट दुसऱ्या कशावर चालल्या नसत्या, म्हणून मी निमूट सोसले.

डॉक्टर बाईंच्या खोलीत मला टीव्हीला जोडले. पडद्यावर यशवंतपूर स्टेशन आले. आजी-आजोबांना आणायला गेलो होतो तेव्हाचे. गाडीचा भोंगा वाजताच शलाका कान गच्च दाबून खाली बसली. मग घरी तिने स्टेशनवरची सूचना तशीच्या तशी, तीन भाषांत, कितीतरी वेळा म्हणून दाखवली. मग वाढदिवस. सगळी मुले केकभोवती, शलाका टेबलाखाली वाट्या लहान-मोठ्या क्रमाने लावत बसलेली. नावाने अकरा हाका. बाराव्यांदा एक हात पुढे आला आणि त्याने तिची हनुवटी वळवली.

स्मिताताईंनी आपला हात ओळखला. "किती वेळा धरली गं मी तुझी हनुवटी," त्या म्हणाल्या. मग डॉक्टर बाईंकडे वळून त्यांनी सांगितले, "मागच्या वेळची माझी उत्तरं खोडा, पुन्हा विचारा." त्या दिवशी त्या दीड तास खरे बोलल्या.

आणखी दोन भेटींनंतर डॉक्टर बाईंनी निदान लेखी दिले. शलाकाला ऑटिझम आहे, आणि तो लहानपणापासूनच होता. परतताना रिक्षात मी तिच्या मांडीवरच्या पिशवीत होतो. तिने तो कागद तीनदा वाचला. पिशवीवर टपटप थेंब पडले.

"म्हणजे मी उद्धट नव्हते," ती म्हणाली.

"नव्हतीस. कधीच नव्हतीस," स्मिताताई म्हणाल्या. हनुवटीकडे जाणारा हात त्यांनी मध्येच थांबवला आणि तिच्या हाताशेजारी नुसता ठेवला. थोड्या वेळाने शलाकाने तो धरला.

पुढच्या रविवारी सकाळी उमाकांतरावांनी मला पुन्हा हातात घेतले. एक कोरी कॅसेट उरली होती, त्या नऊंच्या पुढची दहावी. शलाका कानांवर हेडफोन लावून जमिनीवर बसली होती आणि किती वर्षांनी, सगळ्यांसमोर, ते जुने झाकण फिरवत होती. नजर तशीच माझ्या डोक्यावरून वर. मी वाट बघत राहिलो. आता म्हणतील, इकडे बघ. ते म्हणाले नाहीत. ते उठले, तिच्या शेजारी मांडी घालून बसले आणि त्यांनी मला उलटे वळवून तिच्या नजरेच्या दिशेने धरले.

खिडकीतले ऊन झाकणावर पडून उडत होते, आणि छतावर प्रकाशाची वर्तुळे एकात एक फिरत होती, लहान होत होती, पुन्हा पसरत होती. वीस वर्षे मी त्या वर्तुळांकडे पाठ करून बसलो होतो आणि ती माझ्याकडे बघत नाही म्हणून झुरत होतो.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही हाकेला न वळणारे एखादे मूल असेल. त्याला उद्धट म्हणू नका, त्याची मान वळवू नका. त्याच्या शेजारी बसा आणि ते जिकडे बघते तिकडे एकदा बघा. आणि माझ्यासारखे एखादे जुने यंत्र घरात पडले असेल, तर त्याला भंगारात देण्याआधी चालवून बघा. त्याच्यापाशी कुणाचे तरी उत्तर असू शकते.

त्या दहाव्या कॅसेटवर उमाकांतरावांनी तारीख लिहिली, शलाकाचे नाव लिहिले. पत्र्याच्या डब्यातले लाल चिकटपट्टीचे जुने रीळ शेजारीच पडले होते. त्यांनी ते उचलून कचऱ्यात टाकले.