सहकार्य उत्तम

तिनं झडप वर सरकवली, आणि म्हाताऱ्यानं आतून उजवा हात बाहेर काढून तळवा वर करून ठेवला.

म्हातारा म्हणजे पिंजऱ्यातलं माकड. वय फार नव्हतं. पण कपाळावरच्या आठ्या पेन्शनीला टेकलेल्या हेडक्लार्कच्या. हात द्यायला तिनंच त्याला शिकवलं होतं, डाळिंबाच्या दाण्यांवर. धरायचं नाही, बांधायचं नाही. सुई टोचून घ्यायला प्राण्यानं आपण होऊन यायचं. नीतिमत्ता समिती या प्रकारावर इतकी खूश झाली, की एका सदस्यानं डोळे पुसले होते.

आजची सुई शेवटची होती. मेंदूत तारा घालून मोजायचं ते मोजून झालं होतं. आता मेंदूचे काप हवे होते.

"तुम्हीच द्या," मागून सर म्हणाले. "तुमच्यावर विश्वास आहे त्याचा. परका माणूस बघून घाबरेल बिचारा."

"आणि मला बघून?"

"बाई, परवानगी आज संपते. मग तो जाणार अभयारण्यात केळी खायला, आणि आपली सगळी मेहनत पाण्यात. वडिलांना काय सांगाल?"

तिच्या वडिलांचे हात थरथरत. संशोधन त्याच आजारावरचं. सकाळी अर्धा चहा टेबलावर सांडून ते म्हणाले होते, "सावकाश होऊ दे गं तुमचं. कप तेवढे स्टीलचे आण."

तिनं स्पिरिटचा बोळा फिरवला. शीर सुतळीसारखी टचटचीत वर आली होती. तिनं सुई जरा बाजूला टोचली. काढली. पुन्हा टोचली. म्हाताऱ्यानं ओठ मुडपले, पण हात मागे घेतला नाही.

"शीर सापडत नाही, सर."

"आं? रोज सापडते की!"

"आज आत बसलीय. आता सूजही येईल."

"मग डावा घ्या."

"डावा देत नाही तो. शिकवलाच नाही."

बळजबरी परवानगीत बसत नव्हती. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. "बरं," म्हणाले. आवाजावरून तरी त्यांना फार वाईट वाटलेलं दिसलं नाही.

तिनं झडपेला हात लावला. म्हाताऱ्यानं हात आत घेतला, रक्ताचा थेंब चाटला, तिच्या तोंडाकडे बघितलं. मग जागच्या जागी वळून त्यानं डावा हात बाहेर काढला, आणि तळवा वर करून ठेवला.

शीर सरांनाही दिसत होती, चष्म्याशिवाय.