सासूबाईंची मळमळ

सूनबाईच्या संशोधनाचा विषय घरात कुणालाच धड सांगता येत नसे. "माणसाला चक्कर कशी आणायची ते शिकतेय," असं आत्याबाई शेजारणीला सांगत, आणि खरं म्हणजे त्यात फार चूक नव्हती. डोळ्यांवर गच्च बसणारा हेडसेट डोक्याला बांधायचा, आत खवळलेल्या समुद्रातली होडी दाखवायची आणि खुर्चीत स्वस्थ बसलेल्या माणसाला किती मळमळतं ते त्यालाच विचारून घ्यायचं, असं ते काम होतं.

विद्यार्थी एकदा ओकले की पुन्हा फिरकत नसत. त्यात तिच्या सरांचा चेहरा बारा महिने एरंडेल प्यायल्यासारखा. "तरुण पुष्कळ झाले," त्यांनी ठणकावलं. "साठीपुढची माणसं आणा. या सत्रात नाही आणली तर प्रबंध विसरा."

"नात्यातली चालतील, सर?"

"मळमळ नातं बघत नाही," सर म्हणाले. विद्वान माणसं कधीकधी फार ठामपणे चुकतात.

साठीपुढची माणसं तर घरातच होती: सासूबाई, सासरे आणि सासऱ्यांच्या थोरल्या बहीण आत्याबाई. तिघंही ठेवणीतले कपडे घालून प्रयोगशाळेत हजर झाली. आधी सासूबाई बसल्या. बाजूच्या पडद्यावर होडी अशी उसळत होती की बघणाऱ्याच्याही पोटात ढवळावं.

"आई, मळमळ किती? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे आता ओकणार."

"शून्य," सासूबाई म्हणाल्या. ओठ पांढरे पडले होते. "छान आहे गं. वारा काय सुंदर येतोय!"

वारा कुठला? पंखासुद्धा बंद होता. सासऱ्यांनीही शून्यच सांगितलं. आत्याबाईंनी तर विचारलं, "शून्याच्या खाली काही नसतं का?"

सरांनी आकडे पाहिले. "ही माणसं आहेत की दगडी खांब? यंत्र बिघडलंय, नाहीतर तुम्ही यांना पढवून आणलंय. उद्या मी स्वतः येऊन बघतो. हेच पुन्हा घडलं तर तुमचं काम इथंच थांबलं."

संध्याकाळी चहाचा कप समोर ठेवून सूनबाई मुसमुसायला लागली, तेव्हा कुठे एकेकाचं तोंड उघडलं. सासऱ्यांनी हेडसेटच्या आत डोळे मिटून घेतले होते. आत्याबाई नाकाजवळच्या फटीतून स्वतःच्या चपला बघत बसल्या होत्या. डोळे उघडे ठेवले ते एकट्या सासूबाईंनी, आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन, आवाज ऐकू जाऊ नये म्हणून नळ पूर्ण सोडून, त्या भडाभडा ओकल्या होत्या.

"तुझ्या परीक्षेत आम्ही नापास व्हायचं होय?" त्या म्हणाल्या. "लोक काय म्हणतील, सासर कमजोर निघालं!"

"अहो आई, तुम्हाला मळमळलं तरच माझं काम होणार!"

"मग आधी नाही का सांगायचं?"

झालं. आगीतून निघाली ती फुफाट्यात. दुसऱ्या दिवशी सरांच्या देखत सासऱ्यांनी खुर्चीला पाठ टेकताच "उबक" असा आवाज काढला. आत्याबाई "दहा! अकरा! अगं बाई, बारा!" असं ओरडत सरांच्याच दंडाला लटकल्या.

"बाई," सर म्हणाले, "यंत्र अजून चालू केलेलं नाही."

त्यांनी तिघांनाही बाहेर जायला सांगितलं. इतक्या वर्षांची मेहनत, आणि ती बुडाली कशात, तर घरच्यांच्या मायेत! सूनबाईला त्या तिघांचा रागही आला आणि त्यांच्यावर जीवही ओवाळून टाकावासा वाटला. मग एकदम लक्षात आलं. ही माणसं खोटं बोलतात ती फक्त तिच्यासाठी. परक्या माणसाला सासूबाई गुडघ्यांपासून दाढेपर्यंत सगळं बिनचूक सांगतात, बसमध्येसुद्धा.

"सर, एकदाच. मी बाहेर थांबते. आईंना तुम्ही विचारा."

सरांनी सुस्कारा सोडला. पण लेखणी उचलली. ती दाराबाहेर बाकावर बसली. आतून सासूबाईंचा आवाज आला: "तीन. आता पाच. थांबा हो, घाई काय आहे? सात. मानेवर वजन येतंय. कपाळ आवळलंय. समोर होड्या दोन-दोन दिसतायत आणि दोन्ही नकोशा झाल्यात. बंद करा मेलं ते!"

हेडसेट काढल्याचा आवाज झाला. "उत्तम," सर म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून तिने पहिल्यांदाच ऐकला. "असेच सगळ्यांचे घेऊ. आणखी काही त्रास?"

"आहे ना. पण तिला सांगू नका." सासूबाई हळू बोलल्या, म्हणजे पलीकडच्या खोलीपर्यंतच ऐकू गेलं. "आमची दोन दिवसांत ही गत झाली. ती तर रोज हे डोक्याला बांधते, आमच्याआधी स्वतः तपासते. घरी येते ती भिंत धरून. जेवायला वाढलं की भूक नाही म्हणते. विचारलं तर म्हणते, काही नाही हो आई, मी मजेत आहे. तिचा आकडा कुणी घेतलाय का?"

बाहेर सूनबाईने पदर तोंडात कोंबला, तरी हुंदका फुटलाच.

सर दारात आले. चेहऱ्यावरचं एरंडेल जरा उतरलं होतं. ते बाकावर तिच्या शेजारी बसले आणि त्यांनी लेखणी सरसावली.

"बोला. शून्य ते दहा."

"चार, सर," ती डोळे पुसत म्हणाली.

"नऊ लिहा हो!" आतून सासूबाई ओरडल्या.