सत्यफळ आणि पोपट

परसात माणसं मावेनात. मधल्या वाफ्यात कुणीही न लावलेली चार रोपं उभी होती. फळं मिरचीसारखी, पण जांभळी, आणि खाली लोंबायची सोडून आभाळाकडे तोंड करून बसलेली.

"सत्यफळ!" चोर शोधायला बोलावलेले झाडबाबा गरजले. "पेरलं कुणी? कुणीच नाही! खोटारड्याची जीभ जाळतं, सच्च्याला साखर लागतं!"

त्यांनी एक फळ तोडलं, टोक कुर्रकन चावलं, डोळे मिटून हसले. उरलेलं घरच्या थोरल्या मुलाला भरवलं. तो लालबुंद झाला, पाण्याच्या पिंपात त्यानं डोकं घातलं, आणि काल ऑफिसला दांडी मारल्याचं तिथूनच कबूल करून टाकलं. शेजारच्या काकूंचीही तीच गत. गर्दी थक्क!

धाकटी सून मात्र गर्दीत मागे मागे सरकत होती. सासूबाईंची अंगठी आठ दिवस सापडत नव्हती आणि संशय हिच्यावर. आता पाळी हिचीच. तोंड भाजलं की चोर ठरणार, आणि उद्या माहेरी रवानगी. नवरा? तो नेहमीसारखा स्वतःच्या चपला बघत होता.

बिचारी रोपवाटिकेत कामाला. दिवसभर लोकांना रोपं ओळखून द्यायची, पण घरात तिला विचारतो कोण! तिनं वाकून फूल पाहिलं, नखानं एक फळ चिरलं. आत पांढऱ्या शिरा, चपट्या बिया. अगं बाई, ही तर शोभेची मिरची! कुंडीत लावतात ती.

"बाबा, तुम्ही दरवेळी टोकच का हो खाता?"

"टोकात तेज असतं, मुली."

"तिखट असतं ते देठाकडच्या पांढऱ्या शिरेत. टोक तुम्हाला, शीर आम्हाला! आता देठाकडचं खाऊन दाखवा."

बाबा एकाएकी झोळी आवरू लागले.

"मग पेरली कुणी?" सासूबाई कडाडल्या.

सुनेनं एक अख्खी मिरची घरच्या पोपटाला दिली. त्यानं ती बियांसकट फस्त केली आणि ओरडला, "अजून!"

"हा बघा सगळ्यात सच्चा! पाखरांना तिखट लागतच नाही. याला मिरच्या कोण आणतं?"

"मी," पिंपातून आवाज आला. "ऑफिसच्या कुंडीतल्या. फुकट म्हणून."

"आणि यानं सांडलेल्या बिया, पिंजऱ्याचा कचरा?"

"मीच टाकते, या वाफ्यात," सासूबाई म्हणाल्या.

"पिंजरा झाडताना अंगठी काढून कुठं ठेवता?"

"खालच्या कागदाव..." सासूबाईंचं वाक्य तिथंच थांबलं. तोच कागद त्या रोज इथं झटकायच्या.

सुनेनं माती उकरली. दोन मुठी कचरा, तिसऱ्या मुठीत अंगठी. तोवर बाबा कुंपणापलीकडे पोचले होते.

सुनेला रागानं रडूच आलं. "काही नवं उगवलं तर हात जोडायच्या आधी चिरून बघा ना! आणि माणसावर आळ घ्यायच्या आधी चार प्रश्न तरी विचारा. मी घरातच होते की!"

सासूबाईंनी एक मिरची तोडली आणि देठाकडूनच चावली. डोळ्यांतून धारा लागल्या.

"लागली बघ मला," त्या हुंदक्यात म्हणाल्या. "मीच खोटी."

"आई, मिरची आहे ती," सून पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणाली. "सगळ्यांनाच लागते."