ओट्याचं माप

मायाच्या धाकट्या लेकीचं जावळ काढलं, त्या माघातली ही गोष्ट. करोना सरून दुसरं साल लागलं होतं. लिंबागणेशाला आपल्या या लेकीच्या घरी चार दिवस राहून केशरबाई परतली आणि पायावर पाणीसुद्धा न घेता थेट स्वयंपाकघरात शिरली. नवा ओटा तयार होता. तिनं त्यावर परात ठेवली, ज्वारीचं पीठ घेतलं, मध्ये पाणी ओतलं आणि दोन्ही हात घातले. भाकरीच्या पिठाला तळहाताचा जोर लागतो. इथं कोपरं वर चढली, खांदे कानाला लागले आणि जोर काही लागेना. तिनं टाचा उचलून पाहिल्या. परात पुढं ओढून पाहिली. मग पिठाचे हात तसेच घेऊन ती दारात आली.

"अवो!"

निवृत्ती ओसरीवर बसला होता. बायको ओट्याचं कौतुक करील म्हणून तो सकाळपासून दाढी करून बसला होता.

"कसा झालाय?"

"वटा केलाय का देवळाचा चौथरा? त्याच्यापुढं उभं राहून भाकरी थापायची का नमस्कार करायचा?"

"काय झालं आता?"

"काय झालं मंजी? हात पोचंनात माझे. माप कुणी दिलं?"

"मीच दिलं."

"कावून? मी बजावून गेलते ना, मी आल्याबिगर हात लावू देऊ नका म्हणून?"

"बिभीषणचं नेकनूरचं काम अडलं, तो आला मोकळा. परत म्हैनाभर घावला नसता. अन् अडतीस वर्सं संग राह्यलोत, तुझं माप मला म्हाईत न्हाई व्हय?"

"दिसतंय की," केशरबाई म्हणाली आणि आत जाऊन परात खाली जमिनीवर घेऊन बसली. बसताना गुडघा कटकन वाजला. तो आवाज ओसरीपर्यंत गेला.

गुडघ्यांसाठीच तर हा सगळा खटाटोप होता. बत्तीस वर्षं ती दर दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली होती. निम्मं वर्ष उसाच्या फडाजवळ बांबू-पाचटाच्या कोपीत, निम्मं वर्ष घरी, आणि दोन्हीकडं चूल जमिनीवर. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं काम तिनं कधी नवऱ्यावर ढकललं नव्हतं. चार वर्षांपूर्वी दोघांनी तोड सोडली. बीडच्या डॉक्टरनं, यापुढं उकिडवं बसायचं नाही, असं सांगितलं तेव्हा तिनं दोन बकऱ्या विकल्या आणि घरात जाहीर केलं, की आता मी उभ्यानं स्वयंपाक करणार. मास्तरणीसारखा.

थोरला प्रवीण बीडला फरशीच्या दुकानात कामाला होता. त्यानं तीन घरांच्या उरलेल्या फरश्या आणल्या. त्यामुळं ओट्यामागच्या भिंतीचा एक तुकडा निळा, एक बदामी, आणि मधोमध फळांच्या टोपलीचं चित्र, तेही अर्धंच. सफरचंदं होती, टोपलीची दुसरी कड नव्हती. कडप्पा कोपऱ्यात टवका गेलेला म्हणून स्वस्तात मिळाला होता. या कशाचंच केशरबाईला वाईट वाटलं नव्हतं. पण जन्मभर तिनं दुसऱ्याच्या मापाच्या वस्तू वापरल्या होत्या. चपला मायाच्या उतरलेल्या, पलंग दिराच्या घरातला, चष्मासुद्धा फुकटच्या शिबिरात जो डोळ्याला लागला तो. एक ओटा तेवढा तिच्या अंगाच्या मापानं व्हायचा होता आणि तोच चार बोटं उंच झाला.

दुसऱ्या दिवशी शेजारची मंजुळाबाई बघायला आली. तिच्याकडं ओटा येऊन सहा वर्षं झाली होती, त्यामुळं तिला बोलायचा हक्क होता.

"लई झ्याक हाय गं केशर. शिडी कुठं ठेवलीस?"

"हस. तुला हसायला येतंय."

"न्हाई, खरंच इचारते. का कडेवर घेऊन उभे राहतेत तुझे मालक?"

ओसरीवर निवृत्ती खोकला. मंजुळाबाई पदर तोंडाला लावून निघून गेली आणि संध्याकाळपर्यंत शिडीची गोष्ट वेशीपर्यंत पोचली.

केशरबाईनं पाट घेतला. पाट डुगडुगायचा. पाटाखाली पोतं घातलं, तर पाय पोत्यात अडकायचा. दूध उतू जायला लागलं, की आधी खाली बघून पाट चाचपायचा, मग वर बघायचं, तोवर दूध शेगडीवर. तीन दिवसांत उजवा खांदा ठणकायला लागला. गुडघे वाचवायला गेले आणि खांदा घालवून बसले, असं ती चहा देताना म्हणाली, भाकरी वाढताना म्हणाली, आणि निवृत्ती जेवून हात धुवत असताना त्याच्या पाठीला म्हणाली. तो दरवेळी एकच उत्तर द्यायचा.

"माप बरुबर हाय. तुला सवय न्हाई अजून."

चौथ्या दिवशी तिनं स्वतः जाऊन बिभीषण गवंड्याला धरून आणलं.

"काकू, कुणाचीबी आण घ्या," बिभीषण थापी हातात धरून म्हणाला. "जी खूण दाखिवली, तिथंच बांधलाय. एक सूतभर हिकडं न्हाई, का तिकडं न्हाई."

"खूण बरुबरच हाय," निवृत्ती म्हणाला. त्यानं खिशातून सुतळी काढली. "ये हिकडं. टेक भिंतीला."

"आता कावून? वटा झाल्यावर?"

"टेक म्हणतो ना. बिभीषणसमोरच दाखवतो."

केशरबाई भिंतीला पाठ लावून उभी राहिली. भाकरी थापताना धरतात तसे हात तिनं पुढं धरले. निवृत्तीनं सुतळीचं टोक स्वतःच्या पायाच्या अंगठ्याखाली दाबलं, सुतळी ताणून तिच्या तळहातापर्यंत आणली, तिथं चिमटीत धरली आणि ती चिमूट ओट्याला लावली. मग तो परत आला.

"सरळ उभी राहा."

"सरळच हाय मी."

"आणखी सरळ."

"आणखी सरळ मंजी कशी? बांबू हाय का मी?"

त्यानं पुन्हा माप घेतलं. या वेळी सावकाश. चिमूट ओट्याला लावली आणि तिथंच थांबला. नंतर तो बायकोकडं बघत राहिला. तोंडाकडं नाही. तिच्या खांद्याकडं, मानेच्या मागं जिथं पाठ थोडी पुढं आली होती तिथं.

"बघा ना काका," बिभीषण म्हणाला, "तुमी तर मला—"

"चुकलं माझं."

"आं?"

"चुकलं म्हनलं ना. नजरेनं दिलं माप. तुझा काही दोष न्हाई, तू जा."

बिभीषणनं एकदा काकाकडं, एकदा काकूकडं पाहिलं आणि थापी पिशवीत टाकून तो गेला. निवृत्तीनं सुतळी बोटाला गुंडाळली आणि खिशात घातली.

केशरबाई भिंतीला तशीच टेकून उभी होती. एवढ्या वर्षांत 'चुकलं' हा शब्द तिनं या माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. एकदा बीडच्या स्टँडवर त्यानं घरच्या सगळ्यांना भलत्याच एसटीत बसवलं, नेकनूरऐवजी सगळी गेवराईला उतरली, तेव्हासुद्धा तो म्हणाला होता, की गाडीच दुसऱ्या रस्त्यानं आली. आणि आज परक्या माणसासमोर, न भांडता, चुकलं? तिला उलट जास्तच राग आला. म्हणजे चार दिवस हा ठाऊक असून ताणत होता.

ओटा फोडायचा तर कडप्पा फुटणार, फरश्या जाणार. निवृत्तीनं फोडायचं नावच काढलं नाही. त्यानं अंगणातल्या जुन्या विटा धुतल्या, थोडं सिमेंट मागून आणलं आणि ओट्याच्या पुढं, ओट्याच्या लांबीहून हातभर तोकडी अशी एक बसकी पायरी केली. दोन दिवस लागले. कंबर धरून धरून केली. पायरी चार बोटं उंच होती, तिच्यावर उभं राहिलं, की हात नेमके परातीत पडायचे.

सोय झाली, पण केशरबाईचं तोंड थांबलं नाही. पायरीला ठेच लागायची. झाडताना कोपऱ्यात पीठ साचायचं. उन्हाळ्यात माया माहेरी आली, ती ओट्यापाशी गेली तेव्हा पायरी तिला अडचणीची झाली. ती पायरीच्या कडेला, उघड्या फरशीवर उभी राहिली आणि तिनं पटापट सहा भाकरी थापल्या.

"माय, मला तर बरुबर येतोय वटा."

"येणारच. तुझ्या बापानं तुझ्या मापाचा केलाय, माझ्या न्हाई."

माया हसली. ती दिसायला हुबेहूब आईवर गेली होती, असं सगळे म्हणायचे.

घरात नवं माणूस आलं, की केशरबाई त्याला पाणी द्यायची आणि मग स्वयंपाकघरात नेऊन पायरी दाखवायची. "ही बघा आमच्या मालकाची नजर. अडतीस वर्सं बघितलं मला, तरी चार बोटं चुकली." पाहुणे हसायचे. निवृत्ती ओसरीवरून म्हणायचा, "चुकलं बाबा, चुकलं." पुढं पुढं तर तिनं सुरुवात केली, की तो आधीच म्हणून टाकायचा.

खरं सांगायचं तर ओट्यानं तिला सुख दिलं. सकाळी चहा उकळत ठेवून ती खिडकीतून रस्ता बघायची. नेकनूरकडं जाणारी पहिली गाडी दिसायची, कोण चढलं, कोण उतरलं ते दिसायचं. चुलीपुढं बसून बत्तीस वर्षं तिला फक्त जाळ दिसला होता. पण हे ती कुणाला बोलली नाही. नवऱ्याला तर मुळीच नाही.

दुसऱ्या वर्षीच्या आषाढात दोडक्याचा वेल अंगणभर पसरला. निवृत्ती प्रवीणकडं बीडला गेला होता. वेलाला मांडव घालायला बांबू हवा होता. म्हणून केशरबाई मागच्या पडवीत गेली. पत्र्याखाली आढ्याला लागून काहीतरी लांबडं पोत्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. ते तिनं काठीनं खाली ओढलं, सुतळी सोडली.

कोपीचा मधला बांबू होता. बाकीचे बांबू कोणकोणत्या फडावर राहिले, मोडले, जळणात गेले. हा एक दरवर्षी ट्रॉलीत चढून परत घरी यायचा. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, पहिल्या तोडीला, निवृत्तीनं तिला या बांबूपाशी उभं केलं होतं. वाकायचं नाही, हात उचलायचा नाही, हात आपसूक येतो तिथं धर, असं म्हणाला होता. आणि कोयत्यानं तिथं खाच पाडली होती. त्या खाचेला भाकरीचं टोपलं टांगायचं. पहाटेच्या अंधारात, डोळे न उघडता तिचा हात टोपल्यावर पडायचा.

खाचेवर आता गवंड्याच्या पेन्सिलीची लाल रेघ होती. बांबूच्या बुडाला सिमेंट वाळलं होतं.

केशरबाईनं बांबू उचलून स्वयंपाकघरात आणला. पायरीच्या कडेला, जिथं माया उभी राहिली होती तिथं, फरशीवर उभा केला. खाच ओट्याच्या कडेला बरोबर लागली. सूतभर इकडं नाही, तिकडं नाही.

मग ती स्वतः बांबूपाशी उभी राहिली. हात उचलला नाही, वाकली नाही. हात आपसूक आला तिथं तिनं बोट टेकवलं. मग त्या बोटापासून खाचेपर्यंत दुसऱ्या हाताची बोटं एकावर एक ठेवली.

चार.

ती सरळ झाली. आणखी सरळ झाली. पुन्हा बोटं ठेवली. चारच.

बाहेरून मंजुळाबाईनं दोनदा हाक मारली. नंतर तिनं बांबू परत पडवीत नेला. पोतं होतं तसंच गुंडाळलं. सुतळीची गाठ निवृत्ती मारायचा तशी, उलटी मारली. बांबू वर चढवायला तिचा हात पुरेना, तेव्हा घमेलं पालथं घालून त्यावर चढली आणि खाच भिंतीकडं करून बांबू होता तिथं ठेवला. दोडक्याचा वेल तिनं तारेला बांधला.

निवृत्ती चारच्या गाडीनं आला. प्रवीणच्या शेजारच्या दुकानातून त्यानं दोन कप आणले होते. कानाचे, बशीसकट, काठाला बारीक निळी रेघ असलेले.

"पाहुण्याला न्हाई हां," तो म्हणाला. "आपल्या दोघालाच. आत्ताच कर चहा ह्याच्यात."

केशरबाईनं कप धुतले. ती ओट्याकडं गेली, पायरीवर चढली, आधण ठेवलं. ओसरीवर काही आवाज नव्हता. तिच्या लक्षात आलं, की तो वाट बघतोय. घरात पाऊल टाकून एवढा वेळ झाला आणि तिनं अजून पायरीचं नाव काढलं नव्हतं.

तिनं पायरीवर मुद्दाम टाच आपटली.

"मेली पायरी! आज परत ठेचकाळले. कसली तुमची नजर न् कसलं तुमचं माप! सगळ्या जन्मात एक गोष्ट सांगितली नीट करा म्हणून!"

"चुकलं बाबा," निवृत्ती ओसरीवरून म्हणाला. त्याचा आवाज मोकळा झाला होता. "किती येळा म्हणू, चुकलं."

"म्हणाच," केशरबाई म्हणाली आणि तिनं दोन्ही कप काठोकाठ भरले.

त्याच सालच्या श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, निवृत्ती वारला. चहा पिऊन झाला होता.