एका वेळी एकच उपकरण

भाऊजींच्या लॅपटॉपला हात लावायचा, तर हात आधी धुवावेत की नंतर? मी दोन्ही वेळा धुतले. बटणांच्या फटींत केकचा चुरा, पडद्यावर बोटांचे तेलकट ठसे, आणि वरच्या इवल्याशा कॅमेऱ्यावर सॉसचा वाळलेला थेंब. माझे दीर खाता खाता व्हिडिओ कापतात, जोडतात, आणि ते करता करता पुन्हा खातात. क्रूझवर पाऊल ठेवल्यापासून त्यांचा हाच नित्यनेम. ताट दाखवायचं, तोंड दाखवायचं, मग तोंडात ताट कसं जातं तेही दाखवायचं.

मी ओल्या रुमालाने लॅपटॉप पुसायला घेतला. रुमाल तपकिरी झाला. शिसारी आली, पण इलाज नव्हता. माझा फोन बटणांचा, आणि भर समुद्रात त्याला कुठली रेंज मिळणार?

सकाळीच याच लॅपटॉपवर भाच्याची मेल आली होती. अक्काची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी अलीकडे ओढली होती, उद्या पहाटेच. गाठ वाढली होती, आता स्वरयंत्रच काढायचं. "मावशी, डॉक्टर म्हणाले, बोलायचं ते आज दुपारी बोलून घ्या. आईचा आवाज आत्ताच फार थोडा उरलाय."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून माझी आईही तीच. बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायची. गावात तिचा चेहरा फारसा कुणी ओळखत नसे, आवाज मात्र शेंबड्या पोरालाही पाठ. गाडी उशिरा येणार असली तरी ती अशा मायेने सांगे की चिडलेली माणसंसुद्धा गुपचूप बाकावर टेकत. मला निजवायलाही तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. देवाचं नाव घ्यायची आणि मग हळू आवाजात गाड्या सोडायची, एकामागून एक. माझी शेवटची गाडी कधी सुटलीच नाही. त्याआधीच डोळा लागायचा.

या सहलीलाही तिनेच हट्टाने धाडलं होतं. "जा ग, तिकिटं काढलीत तुझ्या दिरांनी. समुद्र बघून ये आणि मला सांग. ऑपरेशन तू आल्यावरच आहे." परतल्यावर आठवडाभर तिच्या उशाशी बसायचं, तिला बोलतं ठेवायचं आणि ऐकत राहायचं, असा माझा बेत. बेत आपण करतो. हसायचं काम वरच्याचं.

जहाजावर इंटरनेटचं पॅकेज भाऊजींच्या नावावर होतं. चौकशीच्या खिडकीतल्या मुलीने पहिल्याच दिवशी समजावलं होतं, "मावशी, एका वेळी एकच उपकरण चालतं. दुसरं जोडलं की पहिलं आपोआप तुटतं. बघा हं, घरात भांडणं होतात यावरून." आम्ही दोघी हसलो होतो.

म्हणून नाश्त्याच्या टेबलावरच मी शब्द टाकला. "भाऊजी, आज दुपारी फोनवर नेट लावू नका. अक्काशी बोलायचंय. उद्यापासून तिचा आवाज नसेल."

तोंडातला घास न गिळताच ते म्हणाले, "वहिनी, हे काय सांगणं झालं? पॅकेज तुमचंच समजा! अक्का ती आमचीपण अक्काच."

जाऊ म्हणाली, "लिहून घ्या त्यांच्याकडून. यांचा शब्द पोट रिकामं असेपर्यंतच."

"बघा, बायको कशी विश्वास टाकते!" म्हणत त्यांनी चौथं अंडं ओढलं.

जेवणं झाल्यावर मी जहाजाच्या वाचनालयात बसले. नावालाच वाचनालय. चार कपाटं, त्यांना कुलूप, आणि टेबलावर कुणीतरी अर्धवट खाल्लेली पेस्ट्री, तिच्यात विझवलेली सिगारेट. ती ताटली दोन बोटांनी उचलून मी कोपऱ्यात नेऊन ठेवली. लॅपटॉप जोडला. वर्तुळ फिरलं, फिरलं, आणि अक्का आली.

उशीला टेकून बसली होती. गळ्यावर पट्टी. हसली.

"समुद्र... कसा आहे?"

तो आवाज! वाळूवरून टोपली ओढावी तसा. पण सूर तिचाच.

"मोठा आहे ग," मी म्हटलं. "तुझ्या स्थानकाएवढा नाही."

"गाड्या... वेळेवर सुटतात का त्याच्या?" ती हसली, खोकली, पाणी प्यायली. "ऐक. तुला एक सांगायचं—"

पडदा गोठला. तिचं तोंड अर्धं उघडं. खाली सूचना आली: आपल्या खात्यावर दुसरे उपकरण जोडले गेले आहे.

मी 'पुन्हा जोडा' दाबलं.

"हॅलो? ऐकू येतंय का?" अक्का विचारत होती.

"येतंय, येतंय! बोल."

"मी म्हणत होते, लहानपणी तू—"

तुटलं. पुन्हा जोडलं. "ऐकू येतंय का?" पुन्हा तुटलं. कीर्तनात बुवा उत्तररंगात शिरावेत, सभा कानात प्राण आणून बसावी, आणि कुणीतरी भरल्या ढेकरेनिशी मांडवाचे खांब उपटायला लागावं, तसं चाललं होतं. मी जोडायची, तिकडून ते जोडायचे. आणि तिच्या गळ्यात उरलेला सगळा आवाज एकाच प्रश्नावर खर्च होत होता: ऐकू येतंय का? ऐकू येतंय का?

मी उठले आणि भोजनगृहाकडे जवळजवळ पळतच गेले.

दारातच वासाचा भपकारा आला. तळण, साखर, घाम. मध्यभागी चॉकलेटचं कारंजं उभं केलं होतं आणि त्याभोवती अशी झुंबड की पाण्याचा टँकर आला असावा. माणसं त्यात फळं बुडवत होती, पाव बुडवत होती. एका गृहस्थाने सरळ बोट बुडवलं, चाटलं आणि तेच पुन्हा बुडवलं. टेबलांवर डोंगरासारखी भरलेली, टोकरून टाकलेली ताटं. बशीत उरलेल्या कोळंबीवर कुणी कागदाचे बोळे खोचलेले. अन्न म्हणजे काय, हे ठाऊक असलेलं तिथे कुणी आहे का, असं विचारावंसं वाटलं.

कारंज्यासमोर भाऊजी. एका हातात ताट, दुसऱ्या हातात फोन, हनुवटीवर चॉकलेटचा ओघळ.

"मंडळी, नेट फार गंडतंय इथलं! सारखं तुटतंय, सारखं जोडतोय. पण आपण हटणार नाही! आणि ही बघा आमची वहिनी! वहिनी, हाय करा!"

"फोन द्या."

"अहो, लाइव्ह आहे."

"अक्काही आहे अजून. फोन द्या भाऊजी."

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "अरे देवा. वहिनी, दोनच मिनिटं म्हणून लावलं हो. हे कारंजं पुन्हा नसतं—"

"आणि अक्का पुन्हा असते?" जाऊ मागून कडाडली. तिने त्यांच्या हातातून फोन हिसकला, लाइव्ह बंद केलं, भाच्याला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या हातात दिला. फोन चिकट होता. मी तसाच कानाला लावला, मग डोळ्यांसमोर धरला.

अक्का पडून होती. भाचा म्हणाला, "मावशी, आता एखादंच वाक्य हं. नर्स ओरडतेय."

अक्काने मान वळवली, माझ्याकडे पाहिलं, ओठ उघडले. आणि त्याच क्षणी माझ्या मागे कुणाच्यातरी हातून ताटांची चळत कोसळली. खणखणाट झाला. मग टाळ्या, शिट्ट्या, हशा. अक्काचे ओठ हलताना दिसले. दोनच शब्द असावेत.

"काय? अक्का, काय म्हणालीस?"

तिने पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा आली. तिने हात हलवला, जाऊ दे अशा अर्थाने, आणि डोळे मिटून हसली.

सहलीच्या उरलेल्या दिवसांत भाऊजी मला भिऊन वावरत होते. पॅकेज माझ्या हवाली केलं, लॅपटॉप स्वतः पुसून आणला. "वहिनी, एकदा जोरात बोला तरी," म्हणाले. माणूस वाईट नाही. पण पोटापलीकडे काही असतं याची त्याला आठवण करून द्यावी लागते, आणि त्या दिवशी मी करून दिलेली आठवण कमी पडली, याचीच किळस येत होती.

ऑपरेशन नीट झाल्याचं भाच्याने कळवलं. देवाला हात जोडले. मग बंदर दिसू लागलं त्या सकाळी अक्काचीच मेल आली, भाच्याच्या फोनवरून तिने स्वतः टाइप केलेली. मी विचारलं होतं ना, शेवटी काय म्हणालीस म्हणून. एवढे दिवस तेच दोन शब्द मी मनात घडवत होते. आशीर्वाद असेल, माफी असेल, आईबद्दलचं काही असेल.

अक्काने लिहिलं होतं: "खास काही नाही ग. जेवलीस का, विचारलं."

मागे भोजनगृहात नाश्त्याची ताटं खणखणत होती. मी लिहिलं, "नाही अजून. तुझ्याकडे येते, मग जेवते." आणि लॅपटॉप मिटला.